दीड इंचाची नळी: मुलुंडच्या परांचीमागचा दोनशे वर्षांचा इतिहास

१/
मुलुंड स्थानकातून पश्चिमेला बाहेर पडून पाच रस्त्याच्या दिशेने चालू लागले की थोड्याथोड्या अंतरावर हिरव्या जाळीत गुंडाळलेली एखादी इमारत दिसते. जाळीआड करड्या-रुपेरी नळ्यांचा पिंजरा उभा असतो. ही परांची. तिच्या एखाद्या नळीचा बाहेरील व्यास मोजला तर तो ४८.३ मिलिमीटरच्या आसपास भरतो. लंडनच्या परांचीतही हाच आकडा आणि दुबईच्या परांचीतही हाच. पन्नास नव्हे, पंचेचाळीस नव्हे, ४८.३ च का?

२/
हा आकडा परांचीसाठी कोणीच ठरवलेला नाही. तो पाण्याच्या नळाचा आहे आणि पाण्याच्याही आधी दिव्याच्या गॅसचा. जी नळी घरात पाणी आणण्यासाठी घडली, तीच पुढे घराबाहेर उभी राहून घर बांधणाऱ्याचे वजन पेलू लागली. ‘जीआय पाइप’ या नावाने मुंबईच्या प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या या वस्तूचा इतिहास म्हणजे या स्थित्यंतराचा इतिहास. या वारशात पुष्कळशी सोय आहे आणि एक लपलेला धोकाही आहे.

३/
प्रारंभ इंग्लंडमध्ये होतो. १७९२ च्या सुमारास विल्यम मर्डॉक याने कॉर्नवॉलमधील आपल्या घरात कोळशापासून काढलेल्या गॅसवर दिवा पेटवला. काही वर्षांतच लंडनचे रस्ते गॅसने उजळू लागले आणि एक साधीच अडचण पुढे आली. इतका गॅस वाहून न्यायला लांब, अखंड लोखंडी नळी आणायची कुठून? त्या काळी लोखंडी नळी बनवण्याचे कसब प्रामुख्याने बंदूक घडवणाऱ्यांच्या हाती होते. नेपोलियनची युद्धे संपल्यावर उरलेल्या बंदुकींच्या नळ्या एकापुढे एक जोडून त्यांतून गॅस खेळवल्याची हकिकत म्हणूनच वारंवार सांगितली जाते. पाइपला इंग्रजीत ‘बॅरल’ म्हणण्याची प्रथा तेथे दीर्घकाळ टिकून होती.

४/
१८२५ मध्ये वेन्सबरी येथील कॉर्नेलियस व्हाइटहाउस याने नवी रीत शोधली. लोखंडाची लांब पट्टी भट्टीत तापवून लालभडक करायची आणि साच्याच्या गोल छिद्रातून ओढून काढायची. ओढतानाच तिच्या दोन्ही कडा एकमेकींना भिडून जुळतात. ठोकून नळी घडवणाऱ्या लोहाराची जागा या ओढकामाने घेतली. नळी स्वस्त झाली, लांब झाली आणि मुख्य म्हणजे एकसारखी झाली.

५/
एकसारखेपणातूनच मापांचा जन्म झाला. दोन नळ्या जोडण्यासाठी बाहेरून आटे पाडावे लागतात. जोडणीचा तुकडा कुठल्याही नळीवर बसायचा तर बाहेरील व्यास ठरलेलाच हवा. म्हणून बाहेरचे माप स्थिर झाले आणि भिंतीची जाडी बदलली की फरक आतल्या पोकळीत पडू लागला. नाव मात्र पोकळीवरून पडलेले होते, ते तसेच राहिले. ज्या नळीला आजही ‘दीड इंची’ म्हणतात, तिचा बाहेरील व्यास १.९ इंच म्हणजेच ४८.३ मिलिमीटर असतो. पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे. उरलेले अर्धे परांचीपाशी मिळेल.

६/
त्याआधी ‘जीआय’मधील ‘जी’कडे वळले पाहिजे. लोखंडाचा वैरी गंज. त्यावर उपाय ठरली ती धातू म्हणजे जस्त, संस्कृतात यशद. जस्त मिळवणे अवघड, कारण भट्टीत खनिजापासून सुटे होताच त्याची वाफ होते आणि हवा लागताच ती जळून जाते. राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे कारागिरांनी ही वाफ पकडण्याची युक्ती साधली. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी उलट्या ठेवून वरून आच द्यायची आणि खाली उतरणारी वाफ थंड करून जस्त जमा करायचे. ‘रसरत्नसमुच्चय’ या रसशास्त्राच्या ग्रंथात अशाच प्रक्रियेचे वर्णन आढळते.

७/
निदान चौदाव्या शतकापासून जावरला हे काम मोठ्या प्रमाणावर चालू होते. वापरून फेकलेल्या मुशींचे ढिगारे तेथे आजही दिसतात. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने जस्त गाळण्याचे पेटंट घेतले ते १७३८ मध्ये. त्याच्या पद्धतीतही वाफ खालीच उतरवली जात होती. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी जावरच्या भट्ट्या विझल्या. त्याच शतकात जस्ताला त्याचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक भेटला: लोखंड.

८/
वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवले तर ते टिकते, हे १७४२ मध्ये मालुआँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले होते. तथापि त्याला व्यापारी रूप दिले ते स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने, १८३७ च्या पेटंटातून. बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानीने बेडकाच्या पायावरील प्रयोगांतून विजेविषयी जे कुतूहल जागवले होते, त्याची आठवण म्हणून सोरेलने आपल्या रीतीला ‘गॅल्व्हनायझिंग’ हे नाव दिले. गॅल्व्हानीने स्वतः नळीला जस्त कधी लावले नव्हते.

९/
नाव उसने असले तरी अस्थानी नव्हते. जस्त लोखंडावर नुसते रंगासारखे बसत नाही. ओलावा लागला की जस्त आणि लोखंड यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यात झिजते ते जस्त, लोखंड वाचते. मुलाम्यावर ओरखडा पडला तरी भोवतालचे जस्त उघड्या पडलेल्या लोखंडाचे रक्षण करत राहते. मात्र हे रक्षण उधारीचे आहे. जस्त संपले की गंजाची पाळी सुरू होते.

१०/
कारखान्यातील कृती आजही मूळ सोरेलच्याच वळणाची आहे. नळी आम्लात धुऊन स्वच्छ करतात, क्षारांच्या द्रावणातून काढतात आणि सुमारे ४५० अंश सेल्सियसला वितळलेल्या जस्ताच्या कुंडात बुडवतात. बाहेर काढताच आतून वाफेचा झोत सोडून जास्तीचे जस्त उडवतात. एका चौरस मीटरवर ३६० ग्रॅम जस्त चढले, तर थराची जाडी भरते अवघी ५० मायक्रॉन. कागदाच्या पानाहूनही पातळ अशा या कवचावर नळीचे आयुष्य अवलंबून असते. आणखी एक गंमत अशी की ‘जीआय’मधील ‘आय’ म्हणजे आयर्न, लोखंड. पण एकोणिसावे शतक संपता संपता नळ्या पोलादाच्या होऊ लागल्या. नाव तेवढे जुने उरले.

११/
आता मुंबई. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले. १८९२ मध्ये तानसा योजना पूर्ण झाली आणि पाण्याच्या अजस्र वाहिन्या ठाण्याकडून साष्टी बेटावर उतरून दक्षिणेकडे निघाल्या. मुलुंड याच वाटेवर आहे. येथील रहिवाशांना ‘पाइपलाइन’ हा शब्द आजही एखाद्या रस्त्याच्या नावासारखा वापरण्याची सवय आहे. पुढे याच पट्ट्यात, भांडुपला, शहराचे प्रचंड जलशुद्धीकरण केंद्र उभे राहिले. शहर ज्या वाटेने पाणी पिते, त्या वाटेवरचे हे उपनगर.

१२/
मोठ्या वाहिनीतून घरापर्यंत पाणी नेण्याचे काम जीआय पाइपचे. चाळीतील सामाईक नळ, गच्चीवरील टाकीतून उतरणारी वाहिनी, मोरीतील अर्धा इंची तोटी, सारे जस्ताच्या मुलाम्याच्या नळीवर चालत असे. नागदेवीच्या गल्ल्यांत तिचे कोपरे, सॉकेट, युनियन विकले जात आणि कर्नाक बंदरच्या लोखंड बाजारात खुद्द नळी. हा बाजार पुढे कळंबोलीला हलला. नळजोडणी करणाऱ्या कारागिराच्या पेटीतील पान्हा आणि आटे पाडण्याचे यंत्र ही त्या काळाची खूण.

१३/
या साऱ्या काळात इमारतीबाहेरची परांची मात्र बांबूची होती. उभे बांबू, आडवे बांबू, सुंभाच्या गाठी आणि वर टाकलेल्या फळ्या. अवजड कामाला सुरूच्या बल्ल्या. हे कौशल्य हातातून हातात जाणारे होते. गाठ कुठे आणि किती वेढ्यांची, बांबू कोवळा की पक्का, हे कोणत्याही पुस्तकात नव्हते. युरोपातही चित्र फारसे निराळे नव्हते. तेथे बांबूच्या जागी लाकडाचे खांब आणि सुंभाच्या जागी ताग असे.

१४/
दोरीची गाठ पावसात सैल होते. या दुखण्यावर लंडनच्या डॅनिअल पामर-जोन्सने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एक धातूची पकड काढली आणि तिला ‘स्कॅफिक्सर’ म्हटले. १९१३ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याचा दर्शनी भाग नव्याने बांधताना ही पकड वापरली गेली आणि तिचे नाव झाले. मग लक्षात आले की पकड एकसारखी असली तरी लाकडाचा खांब एकसारखा नसतो. एक जाड, दुसरा बारीक. पकडीला हवा होता तो नेमका गोल आणि नेमक्या मापाचा दांडा.

१५/
असा दांडा बाजारात आधीच पडून होता: पाण्याचा नळ. दीड इंची नळी माणसाच्या मुठीत मावते, दोघांना सहज उचलता येते आणि जगभर एकाच बाहेरील व्यासाची मिळते. १९१९ च्या सुमारास पामर-जोन्सने नळीसाठी सर्वमान्य ठरलेली जोडपकड आणली, आणि परांची हे हातच्या गाठीचे काम न राहता सुट्या भागांची जुळणी बनले. ४८.३ या आकड्याचे उरलेले अर्धे उत्तर हे. परांचीला नवे माप घडवावे लागले नाही. तिने नळाचे माप उचलले.

१६/
भारतात हा बदल कूर्मगतीने आला. पोलाद दुर्मीळ होते. १९५६ च्या नियंत्रण आदेशाखाली त्याची किंमत आणि वाटप सरकारच्या हाती होते. १९५० च्या दशकात जमशेदपूरला टाटा आणि ब्रिटिश स्टुअर्ट्स अँड लॉइड्स यांच्या सहकार्यातून इंडियन ट्यूब कंपनी उभी राहिली. महाराष्ट्रात खोपोलीला झेनिथचा पाइप कारखाना आला. पण मुलाम्याचे जस्त १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत परदेशातून येत होते. ज्या मेवाडने जस्त गाळण्याची विद्या घडवली, तेथे उदयपूरजवळ देबारी येथे आधुनिक भट्टी पेटली ती १९६८ मध्ये.

१७/
याच दशकात भारतीय मानक संस्थेने पोलादी परांचीसाठी मानके काढली: १९६४ चे आयएस २७५० आणि १९६७ चे आयएस ४०१४. कागदावर नियम आले, पण रस्त्यावर बांबूच राहिला. महागडी नळी पाणी वाहण्यासाठी राखून ठेवायची की इमारतीबाहेर काही महिने उभी करायची, या प्रश्नाचे टंचाईच्या काळात एकच उत्तर होते. बांबूने मुंबईची निम्मी उपनगरे उभारली, ती परंपरेवरील प्रेमापोटी नव्हे, हिशेबापोटी.

१८/
मुलुंडची वाढ हाच हिशेब सांगते. १९२२ मध्ये क्राउन आणि कार्टर या वास्तुविशारदांच्या आराखड्याने स्थानकापासून पाच रस्त्यापर्यंत काटकोनी रस्त्यांचे जाळे आखले गेले. १९५७ मध्ये बृहन्मुंबईची हद्द मुलुंडपर्यंत आली. आग्रा रोडच्या, म्हणजे आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. त्यांत १८५८ पासून मुंबईत लोखंडकाम करणाऱ्या रिचर्डसन अँड क्रुडासचाही एक विभाग होता. राहत्या इमारती तीन-चार मजली. तेवढ्या उंचीला बांबू पुरेसा होता.

१९/
मग दोन वर्षे लागोपाठ आली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्कांची वाट उघडली आणि हे हक्क उपनगरांत वापरले जाऊ लागले. कारखान्यांच्या जमिनीवर निवासी बांधकामाची दारेही परवानगीने उघडली. १९९२ च्या जानेवारीत पोलादावरील किंमत आणि वाटपाचे नियंत्रण उठले. एका निर्णयाने इमारत उंच झाली, दुसऱ्याने नळी सुलभ केली. मुलुंडच्या आकाशरेषेचा बदल या दोहोंच्या संगमातून झाला. चौथ्या मजल्यावर शोभणारी सुंभाची गाठ विसाव्या मजल्यावर पुरी पडेना.

२०/
बांबू संपला नाही. दुरुस्तीच्या आणि रंगकामाच्या परांच्या आजही बांबूच्या दिसतात, आणि बांबू म्हणजे मागासलेपण हा समजही चुकीचा आहे. हाँगकाँगने गगनचुंबी इमारती बांबूच्या परांचीवर उभारल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये तेथील ताय पो येथे दुरुस्ती चालू असलेल्या निवासी संकुलाला आग लागून दीडशेहून अधिक माणसे दगावली, तेव्हा संशयाची सुई प्रथम बांबूकडे वळली. पण आग पसरण्याच्या संदर्भात परांचीवरची जाळी आणि खिडक्यांवर लावलेला फोम यांकडेही तितक्याच गांभीर्याने पाहावे लागले. परांची म्हणजे केवळ दांडे नव्हेत. तिला गुंडाळणारे, बांधणारे, तपासणारे सारे तिचाच भाग असतात.

२१/
येथे नळाच्या वारशातील लपलेला धोका समोर येतो. बाहेरील व्यास कायम, फरक आत. भारतीय मानकानुसार ४० मिलिमीटरच्या, म्हणजे दीड इंची नळीचे तीन वर्ग आहेत: हलका २.९ मिलिमीटर जाडीचा, मध्यम ३.२ चा, जड ४ चा. ओळख पटावी म्हणून अनुक्रमे पिवळा, निळा आणि तांबडा पट्टा. सहा मीटर लांबीची मध्यम नळी मुलाम्यावाचून सुमारे २१.४ किलो भरते, हलकी १९.५ किलो. फरक जेमतेम दोन किलोंचा, आणि पट्टा काही महिन्यांत खरवडला जातो.

२२/
पाणी वाहणाऱ्या नळीची भिंत पातळ झाली तर ती गळते आणि गळती दिसते. परांचीच्या नळीची भिंत आतून गंजून पातळ झाली तर बाहेरून काहीच दिसत नाही. व्यास तोच, पकडही घट्ट बसते. नळ आपला दोष स्वतः सांगतो, परांची सांगत नाही. भाड्याने एका कामावरून दुसऱ्या कामावर फिरणाऱ्या नळीचे वय तिच्यावर लिहिलेले नसते. मुलुंडच्या पूर्वेला खाडी आहे, मिठागरे आहेत; खारट हवेत जस्त लवकर झिजते. उधारी येथे लवकर फिटते.

२३/
बांबू बांधणारा मिस्त्री दांडा ठोकून, आवाज ऐकून पारख करत असे. नळी एकसारखी झाली तेव्हा ही पारख अनावश्यक वाटू लागली, आणि तिच्या जागी यायला हवी होती ती तपासणी: टोकांची जाडी मोजणे, वाकलेली नळी बाजूला काढणे, पायाखाली पत्र्याची बैठक देणे, तिरके आधार बांधणे, परांची भिंतीला जखडणे. यातले काहीही नळीसोबत विकत मिळत नाही. प्रमाणित वस्तू आयात करता येते. दक्षता प्रत्येक ठिकाणी नव्याने उभारावी लागते.

२४/
कायद्याने ही जबाबदारी उशिरा ओळखली. इमारत आणि इतर बांधकाम कामगारांसाठीचा केंद्रीय कायदा १९९६ मध्ये झाला; सोबत बांधकाम खर्चावर कल्याण उपकर आला. १९९८ च्या केंद्रीय नियमांत परांचीसाठी स्वतंत्र तरतुदी केल्या गेल्या. महाराष्ट्राचे नियम २००७ चे. म्हणजे मानक १९६४ चे आणि राज्यातील कामगाराला आधार देणारे नियम ४३ वर्षांनंतरचे. नळीचे माप ठरवण्यापेक्षा नळीवर उभ्या माणसाचे हक्क ठरवायला अधिक वेळ लागला. हा माणूस बहुधा बिहार, झारखंड, बंगाल किंवा उत्तर प्रदेशातून आलेला असतो आणि इमारत पूर्ण होताच पुढच्या कामावर निघून जातो, परांचीसारखाच.

२५/
दरम्यान इमारतीच्या आत एक शांत सत्तांतर घडले. गेल्या अडीच-तीन दशकांत घरातील पाण्याची जागा प्लास्टिकच्या नळ्यांनी घेतली. १९७०-८० च्या इमारतींत गंजून चोंदलेले जीआयचे नळ उखडले जात आहेत. पुनर्विकासाला निघालेल्या कित्येक सोसायट्यांच्या तक्रारींत गळक्या नळांची तक्रार असतेच. जी नळी पाण्यासाठी जन्मली, तिला पाण्याने निरोप दिला. ती आता भिंतीबाहेर उभी आहे.

२६/
मुलुंडच्या कुठल्याही बांधकामापाशी हे दृश्य पाहता येते. आत सीपीव्हीसीची पांढुरकी नळी, बाहेर जस्ताची रुपेरी नळी, आणि थोड्या अंतरावर तानसाची महाकाय वाहिनी. गॅसच्या दिव्यापासून चाळीच्या नळापर्यंत आणि आता विसाव्या मजल्यावरील पावलाखाली, ४८.३ मिलिमीटरचे माप तसेच आले आहे. माप टिकले ते दोनशे वर्षांच्या सोयीमुळे. त्या मापावर पाऊल ठेवणारा टिकतो तो मात्र त्या सकाळी कोणी भिंतीची जाडी मोजली होती की नाही, यावर.

(धागा समाप्त)